हवेतला ओलावा मोजणारा लेप आणि आपला कापूस

दिवाळी उलटली की यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, पुसद, उमरखेड येथे कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भावावर बोलाचाली होणे हे तर जुनेच आहे. पण आता भावाइतकाच वाद ओलाव्याच्या आकड्यावर होतो. ग्रेडर गाडीत हात घालतो, मूठभर कापूस काढून यंत्राच्या वाटीत दाबतो आणि आकडा बोलतो : दहा, अकरा, साडेबारा. शेतकरी म्हणतो यंत्र खोटे, खरेदीदार म्हणतो कापूस ओला. त्या एका आकड्यावर गाडीची किंमत ठरते.

आमचा धंदा कापडाचा. पण कापूस, सूत आणि कापड एकाच घराण्यातले. ओलाव्याचा जो हिसाब कापसाला लागू आहे तोच सुताच्या गाठोड्याला आणि गोदामातल्या थानालाही लागू आहे. म्हणून ओलावा मोजणारे यंत्र आतून कसे चालते, त्यात कोणता माल असतो आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवावा, हे व्यापारी आणि कारागीर बांधवांना सोप्या शब्दांत सांगावे असे आम्हाला वाटले. यातली मजेची गोष्ट अशी की, हवेतला ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा जीव एका पातळ लेपात असतो. आणि असा लेप कापूस, डिंक, खळ, चामडे अशा आपल्या रोजच्या मालापासूनही बनतो.

आधी पैशाचा हिसाब

भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय हमीभावाने जो कापूस घेते त्यात ८ टक्के ओलावा धरलेला असतो. ८ च्या वर प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेतला जात नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. म्हणजे एक टक्का ओलावा ८१ रुपयांचा. १२ टक्के निघाला तर क्विंटलमागे सुमारे ३२४ रुपये कमी.

ही कपात मुळात अन्यायाची नाही. १०० किलो कापसात १२ किलो पाणी असेल तर कोरडा माल ८८ किलो. तोच माल वाळून ८ टक्क्यांवर आला तर त्याचे वजन ९५ किलो ६५० ग्रॅम भरेल. खरेदीदाराचे सव्वाचार किलोहून अधिक वजन हवेत उडून जाते. ते पैसे त्याने का द्यावेत? पण दुसरी बाजूही पाहा. यंत्र २ टक्के जास्त दाखवत असेल तर शेतकऱ्याचे क्विंटलमागे १६२ रुपये जातात. २० क्विंटलच्या गाडीत ३,२४४ रुपये. आणि १०.५ टक्क्यांचा कापूस यंत्राने १२.५ दाखवला तर गाडी परतच जाते. भाडे आणि हमाली अंगावर पडते, मग माल बाहेर मिळेल त्या भावात विकावा लागतो. यंत्र २ टक्के कमी दाखवत असेल तर हेच नुकसान जिनिंगवाल्याचे. तराजूचा काटा बरोबर आहे की नाही हे आपण पाहतो, तसेच या यंत्राचेही पाहिले पाहिजे.

कापूस ओला का होतो

पहिली गोष्ट ही की पाणी न शिंपडताही कापूस ओला होतो. हवेत वाफेच्या रूपाने पाणी असतेच. एका ठरावीक उष्णतेला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे, याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. रेडिओवर ‘आर्द्रता ८० टक्के’ सांगतात ती हीच. पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात ती ८० च्या आसपास किंवा वर असते, तर मे महिन्याच्या दुपारी हवा अगदी कोरडी ठणठणीत होते.

कापूस या हवेशी देवघेव करतो. हवा दमट झाली की पाणी घेतो, कोरडी झाली की सोडतो. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर कोरड्या रुईच्या १०० भागांवर सुमारे ६ भाग पाणी बसते. ६५ टक्के असेल तर ७ ते ८ भाग. ८० टक्क्यांना १० ते ११ भाग. आणि ९० च्या पुढे हा आकडा झपाट्याने चढतो. पहाटे दव असताना वेचलेला कापूस आणि दुपारी वेचलेला कापूस यांत फरक पडतो तो यामुळेच.

सगळे धागे सारखे पाणी पीत नाहीत. सुताच्या व्यापारात जे प्रमाण धरले जाते ते असे : कापूस ८.५, रेशीम ११, व्हिस्कोस १३, ताग १३.७५, आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४. पॉलिएस्टरची साडी थंडीत अंगाला चिकटते आणि चटचट आवाज करते, कारण तिच्यात वीज वाहून नेण्यापुरतेही पाणी नसते.

इथे एक खड्डा आहे, तो आमच्या सूत घेणाऱ्या बांधवांनी ओळखून ठेवावा. कापसाचे ८.५ हे प्रमाण कोरड्या वजनावर मोजलेले असते. १०० किलो अगदी कोरड्या सुतावर साडेआठ किलो पाणी, एकूण १०८.५ किलो. पण बाजार समितीतले यंत्र एकूण वजनावर टक्का सांगते. त्या रीतीने हेच सूत ७.८ टक्क्यांचे ठरते. दोघे दोन वेगळ्या रीतींनी बोलले तर दोघेही खरे असून भांडण होते. सौद्याच्या वेळी ‘टक्का कोरड्यावर की एकूणावर’ हे विचारून घ्यावे.

नैसर्गिक पॉलिमर म्हणजे काय

पॉलिमर हा शब्द ऐकला की प्लास्टिक डोळ्यांपुढे येते. पण पॉलिमर म्हणजे एकसारख्या कड्या जोडून बनलेली लांब साखळी, इतकेच. प्लास्टिक कारखान्यात बनते, तशा साखळ्या निसर्गातही बनतात. कापसाचा तंतू जवळजवळ सगळा सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज ही साखरेच्या कड्यांची साखळी आहे. ताण्याला लावायची खळ म्हणजे स्टार्च, तीही साखरेच्याच कड्यांची, फक्त जोडणी वेगळी. बाभळीचा आणि धावड्याचा डिंक त्याच कुळातला. चामड्यातले कोलॅजेन, त्यापासून उकळून काढलेले जिलेटिन, डोक्याचे केस, रेशीम ही प्रथिनांची साखळी. झिंगे आणि खेकड्यांच्या कवचातून काढतात ते कायटोसन हेही असेच एक नैसर्गिक पॉलिमर.

या सर्वांचा समान गुण म्हणजे पाण्याची ओढ. साखळीच्या प्रत्येक कडीवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे छोटे गट असतात आणि पाण्याचे कण त्यांना येऊन बिलगतात. पाणी आत शिरले की साखळ्या एकमेकींपासून थोड्या सरकतात आणि वस्तू फुगते. विणकराला हे निराळे सांगायला नको. खळ दिलेला ताणा पावसाळ्यात नरम पडतो आणि उन्हाळ्यात कडक होऊन तुटतो. डफावरचे कातडे दमट हवेत ढिले पडते, म्हणून वाजवणारे ते शेकोटीवर धरतात. लाकडी दार श्रावणात अडते आणि चैत्रात सहज लागते.

जी वस्तू हवेप्रमाणे इतकी बदलते, तिच्या बदलाचे मोजमाप केले तर हवेचा ओलावा कळेल. ओलावा मोजण्याची ही सारी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे.

केसापासून सुरुवात

जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी माणसाच्या केसाने आर्द्रता मोजण्याचे यंत्र बनवले आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. केसावरचे तेल धुऊन काढले की तो हवेच्या ओलाव्याप्रमाणे लांब-आखूड होतो. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत त्याची लांबी सुमारे दोन-अडीच टक्के वाढते. केसाला बारीक तरफ आणि काटा जोडला की काटा फिरतो. हे साधे यंत्र दीडशे-दोनशे वर्षे चालले. आपल्या हवामान खात्याच्या वेधशाळांतही केसाचे आर्द्रतालेखक कित्येक दशके वापरात होते.

दुसरे उदाहरण आमच्या वाचकांना जवळचे वाटेल. सोन्या-चांदीचा वरख ठोकणारे कारागीर पातळ पत्रा जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून ठोकत. युरोपातले सोनार हीच रीत वापरीत. हा पापुद्रा अत्यंत पातळ, मजबूत आणि ओलाव्याला तत्काळ जागणारा. विसाव्या शतकात ब्रिटनच्या हवामान खात्याने आकाशात फुग्याबरोबर सोडायच्या यंत्रांत आर्द्रता मोजण्यासाठी हाच पापुद्रा बसवला. वरखवाल्याच्या पोथीतली वस्तू अशी ढगांत जाऊन आली.

आजच्या यंत्रातला लेप

आज काट्याच्या जागी आकडे आले आहेत. आतला सेन्सर नखाएवढा, कधी त्याहूनही लहान. त्यावर पॉलिमरचा लेप असतो. तो बहुधा काही मायक्रोमीटर जाड, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढा. लेप इतका पातळ का? जाड गाठ आतपर्यंत ओली व्हायला दिवस लागतात, सुटा धागा काही मिनिटांत होतो. लेप जितका पातळ तितका आकडा लवकर येतो. या लेपातला बदल वाचण्याच्या मुख्य रीती चार आहेत.

पहिली रीत विजेचा साठा मोजण्याची. धातूच्या दोन थरांमध्ये लेप ठेवतात. वरचा थर असा विरळ की वाफ आरपार जावी. अशा जोडीत वीज साठते. किती साठते ते मधल्या मालाच्या गुणावर ठरते. पॉलिमरचा हा गुण साधारण ३-४ असतो, पाण्याचा ८० च्या आसपास. म्हणून लेपात जरासे पाणी शिरले तरी साठा वाढलेला दिसतो. फिनलंडच्या वायसाला कंपनीने १९७३ साली या रीतीचा पातळ लेपाचा सेन्सर बाजारात आणला आणि हवामानाच्या यंत्रांत मोठा बदल झाला.

दुसरी रीत विजेचा अडथळा मोजण्याची. एका पट्टीवर कंगव्याचे दात एकमेकांत अडकवावेत तशा धातूच्या बारीक रेषा आखतात आणि त्यावर लेप देतात. कोरडा लेप वीज जवळजवळ अडवतो. पाणी आले की लेपातले क्षारांचे भारित कण चालू लागतात आणि अडथळा शेकडो, कधी हजारो पटींनी कमी होतो. कायटोसन, डिंक आणि स्टार्च यांचे लेप या रीतीला विशेष मानवतात.

तिसरी रीत वजनाची. क्वार्ट्‌झचा पातळ तुकडा विजेने ठरलेल्या गतीने थरथरतो. घड्याळात असतो तसाच. त्यावर लेप दिला आणि लेपाने पाणी घेतले की वजन वाढते आणि थरथर मंदावते. जगातल्या अगदी बारीक तराजूंपैकी हा एक म्हणावा.

चौथी रीत प्रकाशाची. काचेच्या बारीक तंतूवर जिलेटिन, अगर किंवा कायटोसनचा लेप देतात. लेप फुगला की तंतूतून जाणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. जिथे विजेची ठिणगी धोक्याची, तिथे ही रीत कामाची. कापसाचे गोदाम आणि जिनिंग ही अशीच जागा आहे.

आपल्या भागाचा यात वाटा

आता कोणी विचारील, यवतमाळच्या माणसाला याचे काय? सरकी आपण पाहतोच. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीच्या अंगावर जी आखूड लव राहते तिला लिंटर म्हणतात. ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते. तिच्यावर रासायनिक क्रिया करून सेल्युलोज ॲसिटेट बनते आणि त्याच कुळातला सेल्युलोज ॲसिटेट ब्युटिरेट हा माल विजेच्या साठ्यावर चालणाऱ्या सेन्सरच्या लेपात वापरला गेला आहे. म्हणजे कापसाचा ओलावा ओळखायला कापसाच्याच भाऊबंदाची साक्ष काढली जाते.

मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट, १९२४ पासून कापसावर काम करते. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे. या संस्थेने मुंबईत नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक कारखाना उभारला; त्याचे उद्घाटन २०१५ साली झाले. नॅनोसेल्युलोज म्हणजे कापसाचा तंतू फोडून फोडून केलेले इतके बारीक कण की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसू नयेत. कागद, रंग, प्लास्टिक यांना बळकटी देणे हे त्याचे मुख्य उपयोग. ओलाव्याच्या सेन्सरचे पातळ लेप हाही त्याच्यावरच्या संशोधनाचा एक विषय जगभर आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात २००८ च्या सुमारास काचेच्या तंतूवर पॉलिॲनिलिन नावाच्या वीजवाहक पॉलिमरचा लेप देऊन आर्द्रता मोजण्याचे प्रयोग झाले. तो पॉलिमर कृत्रिम आहे, पण नैसर्गिक लेपाला वीज वाहण्याची ताकद द्यायची तर त्यात असाच माल मिसळतात.

डिंकाचेही तसेच. आपल्या जंगलात धावडा, बाभूळ आणि कुलू ही डिंकाची झाडे आहेत. बाभळीच्या कुळातला डिंक पाण्यात पूर्ण विरघळतो, धावड्याचा काही भाग विरघळतो, तर कुलूचा डिंक विरघळण्याऐवजी पाणी पिऊन कितीतरी पट फुगतो. ओलाव्याला असा प्रतिसाद देणारा माल लेपासाठी अभ्यासला जाणे साहजिक आहे. मात्र आम्ही साफ सांगतो, यावरून कोणी डिंकाच्या पोत्यांचा साठा करून बसू नये. एका सेन्सरला एक थेंबही पुरतो. त्यामुळे डिंकाचा बाजारभाव यामुळे हलणार नाही. आज स्वस्तात मिळणाऱ्या आर्द्रता मोजणीच्या यंत्रांत बहुतेक कृत्रिम पॉलिमरचाच लेप असतो. केस, आतड्याचा पापुद्रा आणि सेल्युलोजचे रासायनिक प्रकार प्रत्यक्ष बाजारात आले. डिंक, कायटोसन आणि नॅनोसेल्युलोज अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आहेत. त्यांचा फायदा असा की ते विषारी नाहीत, बरेचसे पाण्यातच तयार करता येतात, टाकाऊ मालापासून निघतात आणि वापरून फेकले तर मातीत मिसळतात. गाठीच्या आत ठेवून एकदाच वापरायची कागदी चिठ्ठी अशा कामाला ते योग्य वाटतात.

दोष आणि त्यांचा इलाज

नैसर्गिक लेपाचे दोषही जाणून घ्यावेत. यातले बरेचसे दोष कृत्रिम लेपातही कमी प्रमाणात असतात.

एक, डिंक आणि खळ यांना पाणी फार आवडते. हवा ९० टक्क्यांच्या पुढे गेली की लेप चिकट होतो, ओघळतो, मग पहिल्यासारखा होत नाही. याचा इलाज आपल्या चामड्याच्या व्यापाऱ्यांना चटकन समजेल. कच्चे कातडे पाण्यात सडते, पण कमावलेले टिकते, कारण कमावताना कोलॅजेनच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. लेपाच्या साखळ्याही तशाच बांधतात. त्यासाठी चामडे कमावताना चालणारे ग्लुटराल्डिहाइड किंवा लिंबातले सायट्रिक आम्ल वापरतात. लेप पाणी घेतो, पण विरघळत नाही.

दोन, चढता आणि उतरता आकडा वेगळा येतो. हवा ६५ टक्क्यांचीच असो, पण सेन्सर दमट जागेतून आला असेल तर थोडा जास्त दाखवतो आणि कोरड्या जागेतून आला असेल तर थोडा कमी. कापूसही असेच करतो. वाळत असलेली रुई त्याच हवेत ओली होत असलेल्या रुईपेक्षा थोडे जास्त पाणी धरून बसते. म्हणून यंत्र दुकानातून काढून गोदामात नेले की लगेच आकडा वाचू नये. अर्धा तास थांबावे.

तीन, धूळ, रुईची भुकटी, तेलाची वाफ आणि धूर लेपावर बसतात. जिनिंगमध्ये हे सर्व असते. लेपाची तोंडे बंद झाली की आकडा हळूहळू सरकत जातो. नैसर्गिक लेपाला त्यात बुरशीचीही भीती. म्हणून वर्षातून निदान दोनदा पडताळणी हवी.

चार, उष्णता. पौषातल्या पहाटेची थंडी आणि वैशाखातली दुपार यांत सेन्सरचे वागणे बदलते. चांगल्या यंत्रात उष्णतेचा सेन्सर जोडीला असतो आणि आकडा त्याप्रमाणे दुरुस्त होतो. घेताना हे विचारावे.

बाजारातले यंत्र आणि गोदामातले यंत्र

इथे दोन यंत्रांतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण अनेक बांधव दोन्ही एकच समजतात. ग्रेडरच्या हातातले यंत्र हवेचा ओलावा मोजत नाही. त्यात लेप नसतो. ते वाटीत दाबलेल्या कापसातून वीज किती वाहते ते पाहते आणि त्यावरून टक्का सांगते. म्हणजे वर सांगितलेली दुसरी रीतच, फक्त लेपाच्या जागी खुद्द कापूस. त्यामुळे कापूस किती जोराने दाबला, त्यात माती आणि पाला किती, कापूस उन्हात तापलेला आहे की थंड, हे सर्व आकड्यात उतरते. शिवाय कापसाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश वाटा सरकीचा असतो. वरची रुई वाळलेली आणि आतली सरकी ओली असेल तर आजचा आकडा चांगला येतो आणि गंजी लावल्यावर सरकीतले पाणी रुईत उतरते. गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते. म्हणून एकाच मुठीवर गाडीचा निकाल लावू नये. वरून, मधून आणि तळातून असे निदान तीन नमुने घ्यावेत आणि सारख्या दाबाने मोजावेत.

लेपाच्या सेन्सरचा उपयोग वेगळा. लांब सळईच्या टोकाला तो बसवून गंजीत किंवा गाठीत खुपसला, तर तंतूंच्या मधल्या हवेची आर्द्रता कळते. तिथली हवा आणि कापूस यांची देवघेव पूर्ण झालेली असते. म्हणून हवेच्या आकड्यावरून कापसाचा ओलावा काढता येतो. यात कापूस किती दाबला आहे याने विशेष फरक पडत नाही. हेच यंत्र भिंतीला टांगले की गोदामाचा पहारा करते.

दोन्ही यंत्रांचा अखेरचा न्यायाधीश ओव्हन आहे. नमुना तोलून १०५ अंश सेल्सिअसला वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. ५० ग्रॅमचे ४५.५ ग्रॅम राहिले तर साडेचार ग्रॅम पाणी, म्हणजे ९ टक्के. वाद मोठा असेल आणि माल जास्त असेल तर ही तपासणी मागावी. तिला काही तास लागतात, पण तिच्यापुढे कोणाची तक्रार उरत नाही.

घरच्या घरी पडताळणी

गोदामासाठी यंत्र घेतले असेल तर त्याची परीक्षा मिठाने करता येते. खर्च काहीच नाही. बाटलीच्या झाकणात दोन चमचे खाण्याचे मीठ घ्यावे. त्यावर थेंब थेंब पाणी टाकून मीठ ओल्या वाळूसारखे करावे. वर पाणी तरंगता कामा नये. हे झाकण आणि यंत्र घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावे. मीठ यंत्राला लागू देऊ नये. डबा सावलीत, जिथे उष्णता फार बदलत नाही अशा जागी रात्रभर राहू द्यावा. सकाळी डबा न उघडता आकडा वाचावा. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्के राहते, हा निसर्गाचा कायदा आहे. यंत्र ७१ दाखवत असेल तर ते ४ ने कमी बोलते. तसे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे. स्वस्त यंत्रात ३ ते ५ टक्क्यांचा फरक चालतोच. फरक १० च्या पुढे असेल तर लेप खराब झाला असे समजून यंत्र बदलावे. कोरड्या बाजूची परीक्षा करायची असेल तर मॅग्नेशियम क्लोराइड हे मीठ घ्यावे. त्याच्यावर ३३ टक्के आर्द्रता राहते.

एक खबरदारी घ्यावी. हा मिठाचा प्रयोग हवेच्या यंत्रासाठी आहे. कापूस दाबून मोजायच्या यंत्राला तो लागू नाही. त्याची परीक्षा ओव्हननेच होते.

व्यापारी आणि कारागिरांनी काय करावे

कापड आणि सूत ठेवणाऱ्यांनी गोदामाची आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. ७५ च्या पुढे बरेच दिवस राहिली तर बुरशीचा डाग आणि कुबट वास येतो, मग थान अर्ध्या किमतीत काढावे लागते. पावसाळ्यात गाठी जमिनीवर आणि भिंतीला लावून ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्या असाव्यात. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा कोरडी असेल तेव्हाच खिडक्या उघडाव्यात. हे ठरवायला बाहेर एक आणि आत एक अशी दोन यंत्रे उपयोगी पडतात.

माग चालवणाऱ्यांचा प्रश्न उलटा आहे. उन्हाळ्यात सुती ताणा कोरडा पडून तुटतो. सुती धागा थोडा ओलसर असताना जास्त मजबूत असतो, म्हणून मागाच्या शेडमध्ये ७५ ते ८५ टक्के आर्द्रता ठेवतात. आजवर हे काम जमिनीवर पाणी मारून आणि अंदाजाने चालत आले. यंत्र टांगले तर किती पाणी पुरे हे कळते, पाणी वाया जात नाही आणि यंत्रसामग्रीला गंजही कमी लागतो.

सूत किलोवर घेणाऱ्यांनी पावसाळ्यातले वजन आणि हिवाळ्यातले वजन यांतला फरक ध्यानात ठेवावा. कोरड्या वजनावर साडेदहा टक्के ओलावा असलेले १०० किलो सूत साडेआठवर आले की ९८ किलो २०० ग्रॅम भरते. कोणी चोरी केलेली नसते, हवेने नेलेले असते. पण त्याचा भार विणकरावर एकट्याने का पडावा? ओलाव्याचा टक्का बिलावर लिहून घेण्याची रीत पाडली तर दोघांचे संबंध टिकतात.

कापूस आणणाऱ्या शेतकरी बांधवांनी दव उडाल्यावर वेचणी करावी, पहिल्या वेचणीचा कापूस निदान एक-दोन दिवस पातळ पसरून वाळवावा आणि ओला-सुका माल एका गाडीत मिसळू नये. अडत्यांनी आपल्या यंत्राची हंगामाच्या सुरुवातीला ओव्हनशी तुलना करून तो कागद दुकानात लावावा. शेतकऱ्याला तो कागद पाहायला मिळाला तर निम्मे वाद तिथेच मिटतील. मापात खोट न करणे हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. तराजू बदलला, पण ती शिकवण या यंत्रालाही तितकीच लागू आहे.